सीट खाली येणार नाही!

३ जानेवारी
संकल्प: यंदा कुणाचं ऐकायचं नाही.
डीलर येऊन गेला. आपल्या कारखान्याच्या मोटरसायकली घेणारा हा एकच उरलाय. म्हणे, गिऱ्हाइकांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. सीट खाली घ्या, नाहीतर गाड्या पाठवू नका. मी सुनावलं, माझ्या वडिलांनी, अण्णांनी, पहिली गाडी स्वतःच्या मापाने बनवली. अण्णा सहा फुटी. तेव्हापासून एकाही मॉडेलची सीट इंचभर हललेली नाही. याला इतिहास म्हणतात! तो चहा न घेताच गेला.

९ जानेवारी
मुलीने बुटक्या सीटची गाडी बनवायला घेतलीय. इंजिनियर झाल्यापासून डोक्यावर मिरे वाटते. ठणकावलं, मी असेपर्यंत असली लुटुपुटूची गाडी या गेटमधून बाहेर जाणार नाही. तर म्हणते, बाबा, गेट तरी राहील का? उद्धट.

१० जानेवारी
आयडिया! गाडीसोबत उंच टाचांचे बूट फ्री. फोरमनला सांगितलं. तो खोकत बाहेर गेला.

२२ जानेवारी, सकाळी
आज डीलरसमोर अण्णांच्या मापाच्या गाडीचा डेमो. मी स्वतः चालवणार. उंची अण्णांचीच घेतलीय. होऊन जाऊ दे!

त्याच दिवशी, संध्याकाळी
डेमो झकास. फक्त थांबताना पाय टेकवला, तर खाली जमीन नव्हती. आडवा झालो. वर गाडी. मुलगी म्हणते, वयामुळे उंची कमी होते. काहीतरीच! अंगण खचलंय. गवंडी बोलावलाय.

२३ जानेवारी
गवंडी म्हणाला, अंगण सपाट आहे. डीलरला फितूर दिसतोय.

२ फेब्रुवारी
डीलरने मुलीच्या गाडीची ऑर्डर दिली. मी सही केली, पण निषेध म्हणून लाल शाईने. कारखाना वाचला म्हणून सगळे तिचं कौतुक करताहेत. मी पडलो नसतो तर कुठून मिळाली असती ऑर्डर? हे कुणी बोलत नाही.

१६ फेब्रुवारी, सुट्टी
कारखान्यात कुणी नव्हतं. दोष काढायचे म्हणून तिच्या गाडीवर बसलो. दोन्ही पाय टेकले. दोष सापडेना, म्हणून बसून राहिलो. बायको मला शोधत आली. सरळ मागे बसली. इतक्या वर्षांत आमच्या एकाही गाडीवर ती बसली नव्हती. मला वाटायचं, घाबरते. तसं म्हटलं, तर म्हणाली, घाबरतंय कोण? चढताच येत नव्हतं.
मी चिडलो. मग सांगायचं नाही का!
म्हणाली, लग्नानंतर लगेच सांगितलं होतं. तुम्ही अण्णांची उंची सांगत बसलात.