चौथ्या प्रकरणातलं पाणी

तीर्थरूप वीबेमामांस,

"पोरी, मी चाळीस वर्षं जहाजांचा गंज खरवडतोय आणि तू विद्यापीठात बसून गंज बनवतेस. मग आपल्या दोघांत शहाणं कोण?" असं तुम्ही आजीच्या वाढदिवसाला, गोल मांडलेल्या खुर्च्यांतून सगळ्यांदेखत विचारलंत. असो. तुमच्या गुडघ्याला आणि मामीला नमस्कार (गुडघ्याला आधी, कारण तो जास्त कुरकुरतो). हार्लिंगनला वारा कसा आहे? मी बरी आहे. म्हणजे झोप नाही, जेवण उभ्याउभ्या, आणि एवढं लिहीपर्यंत तीनदा उठून खिडकी उघडली, दोनदाच लावली.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. काचेवर गंजाचा पातळ थर द्यायचा, ती पाण्यात बुडवून नकली उन्हात धरायची. पाणी फुटून हायड्रोजन निघतो आणि एक दिवस तुमच्या जहाजांना डिझेल लागणार नाही (यावर तुम्ही हसलात, ते मी विसरलेले नाही). अडचण अशी, की उन्हाने गंजात जन्मलेली वीज पृष्ठभागाशी पोचण्याआधीच मरते. म्हणून मी त्यात कथील मिसळलं, भट्टी आठशे अंशांवर नेली, छत्तीस काचा वाया घालवल्या. सदतिसाव्या काचेने मात्र दुप्पट वीज दिली! ज्याचं कौतुक त्यानेच केक आणायचा, तसा मी आणला. आमच्या प्राध्यापक ओखटमनबाईंनी दोन तुकडे खाल्ले, आणि तो आलेख प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात छापून आला. आपल्या घरात भरती-ओहोटीच्या कोष्टकापलीकडे छापील काही कधी टिकलं नाही. आता आईने माझं पुस्तक रस्त्याकडच्या खिडकीत कुंडीशेजारी उभं केलंय, आणि बेकरीतल्या बायकांना ती नेमका तोच आलेख उघडून दाखवते, "ही रेघ वर चढतेय ना, ती आमची सीत्स्के."

मामा, ती रेघ मी नाही. ती केस पिवळे करायच्या औषधाची आहे. ते औषध पाण्यापेक्षा सहज फुटतं, म्हणून काच आधी त्यात तपासतात, मग भांडं धुऊन पाण्यात. तुम्हा सगळ्यांना बुडबुडे दाखवावेत म्हणून गेल्या गुरुवारी मी ती काच पुन्हा काढली, तर पाण्यात रेघ उठेचना. वही पाहिली. त्या दिवशीच्या दोन मोजण्यांमध्ये चार मिनिटं आहेत, आणि भांडं धुवायला मला पंधरा लागतात. म्हणजे ते धुतलंच नव्हतं, औषध आत तसंच होतं. (बुडबुडे दोन्हीत येतात, म्हणून तेव्हा शंका आली नाही.) शेजारच्या टेबलावरचा योरिस म्हणाला, "मग बुडबुड्यांनी तक्रार केली का?" ओखटमनबाई म्हणाल्या, "अगं, बारा तारखेला पदवीचा समारंभ आहे. शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटव आणि झोप." मी चिठ्ठी लिहायला बसले, तर ती चौथ्या प्रकरणाएवढी झाली.

बारा तारखेला परीक्षकांसमोर माझे पाठराखे म्हणून तुम्ही मागे उभे राहणार, शेपटीचा कोट घालून. पदवी त्याच रेघेवर घ्यायची का? गंजावरच रंग मारून बोट पाण्यात सोडणाऱ्याला तुम्ही काय म्हणता, ते मी लहानपणी ऐकलंय (मामीने माझे कान झाकले होते, पण जरा उशिरा). तेव्हा मी बोलू की गप्प बसू, हे उलट टपाली कळवा.

तुमची भाची,
सीत्स्के

ता. क. खरं काम वेगळंच आहे. आईला तुम्ही समक्ष जाऊन सांगा. मी फोनवर दोनदा सुरुवात केली, आणि दोन्ही वेळा तिने समारंभाला येणाऱ्या बसमध्ये कोण कुठे बसणार ते सांगितलं. पुस्तक मात्र खिडकीतून काढायला लावू नका. बाकीची पाच प्रकरणं खरी आहेत.

पुन्हा ता. क. सल्ला पाठवायची तसदी घेऊ नका. खरे आकडे समितीच्या सातही जणांना मी काल दुपारीच पाठवले, या पत्राची पहिली ओळ लिहिण्याआधी, आणि बारा तारीख रद्द करून घेतली.