आईंना फळीवर चढवल्याबद्दल

आई सर्फिंगच्या फळीवर पालथ्या पडल्या होत्या, अंकुरभावजी त्यांना मागून लाटेत ढकलत होते, आणि तू, मुग्धा, गुडघाभर पाण्यात उभी राहून फोटो काढत होतीस. तोच फोटो काल ग्रुपवर टाकलास. खाली लिहिलंस, 'आई आता इथंच रमल्या.' सगळ्या पुण्याने अंगठे उंचावले. (अनेक आशीर्वाद. मायना रागात राहिला. तुझी कंबर कशी आहे? भावजींचा दमा? आम्ही ठीक आहोत. मेल लिहिते आहे, कारण तुझ्या फोनवरचं व्हॉट्सॲप आई वाचतात.)

इथं शारजात, अल नहदात आमच्याकडे राहून त्यांना चौदा वर्षं झाली. खोर फक्कानच्या समुद्रावर नेलं तर चपला हातात घेऊन घोटे भिजवतात, वारं बाधतं म्हणतात आणि कान बांधून गाडीत जाऊन बसतात. त्या बाईला तू तुझा काळा रबरी सूट चढवलास. (वरून त्यांनी साडी गुंडाळली, ती त्यांची अक्कल.) लाट आली तेव्हा त्या "यल्ला" (इथल्या अरबांसारखं, चला!) म्हणून ओरडल्या. मी टॉवेल धरून किनाऱ्यावर उभी. शुभ्रा म्हणाली, "मम्मा, शी लुक्स सो हॅपी." मी तिला गप्प बस म्हटलं.

ऑस्ट्रेलियात तुमच्या मार्गारेट रिव्हरला यायला मी तयार नव्हते. तू वर्षभर जंगल, समुद्र, द्राक्षं असं चालवलं होतंस, म्हणून आलो. जंगलात तू सांगितलंस, डोळे मिटा, झाडं ऐका. मी मिटले. मला डास चावले. आईंनी मिटले नाहीत. त्यांनी मान दुखेपर्यंत वर पाहिलं आणि विचारलं, "ह्याला फळ काय येतं?" खायचं काही नाही, असं तू म्हणालीस. "मग एवढं वाढून करतं काय?" मला बरं वाटलं. म्हटलं, आई अजून आमच्याच आहेत. ते दुसऱ्या दिवशी द्राक्षबागेत संपलं.

त्या चाखायच्या खोलीबद्दल मी तुला माफ करणार नाही. ग्लासात वाइनचे दोन घोट ओततात, ते तोंडात घोळवायचे आणि शेजारच्या बादलीत थुंकायचे. आईंनी बादलीकडे पाहिलं. गुणवंत आणि भावजी, ह्या दोन भावांना त्यांनी कसं वाढवलं ते तुलाही माहीत आहे. पानात टाकायचं नाही. कारल्याची फोड उरली तर ती संपेपर्यंत पाटावरून उठायचं नाही. त्या गुणवंतला म्हणाल्या, "गुन्या, थुंकायचं नाही. घेतलंस ना, आता संपव." त्याने संपवलं. मग माझं संपवलं. मग तू अर्धे सोडलेले सगळे संपवले. (दारूबंदीच्या शारजात राहणारा माणूस. ऑफिसच्या पार्टीत लिंबूपाणी घेतो.) परतताना गाडीत तो भावजींना मोठ्याने म्हणाला, "इतकी वर्षं मी सांभाळलं. आता तू ठेव आईला. खलास."

आई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी माझ्या मांडीवरची रिकामी पिशवी घेतली, तिची नीट घडी केली आणि मला परत दिली.

सकाळी चहाला म्हणाल्या, "मी इथंच राहते. हवा चांगली आहे." गुणवंतला आदल्या दिवशीचं काही आठवत नव्हतं. तू म्हणालीस, किती छान. काय छान, मुग्धा? तू गाडी चालवत होतीस, कान बंद नव्हते. तू ऐकलंस, भावजींनी ऐकलं, आणि दोघांनी हवेवर विश्वास ठेवला.

आता गुणवंत म्हणतो, तिला आवडलंय तर राहू दे. खालच्या मजल्यावरच्या मरियमबी दोनदा विचारून गेल्या, अम्मा कधी येणार? ऑफिसातल्या बायका म्हणतात, चला, स्वयंपाकघर तुझं झालं. झालं. आल्यापासून आमटीला कुणी नावं ठेवलेली नाहीत. मला जेवण जात नाही.

तू सुखी राहा. तुझ्या लाटा तुला लखलाभ. भावजींना नमस्कार.

विभावरी

ता. क. आईंचं गुडघ्याचं तेल इथंच राहिलं आहे. ते तिकडे पाठवायचं नाही, असं मी ठरवलं आहे. तेव्हा गुडघ्यांनी इकडे यावं.

ता. क. दुसरा. मी बोलावलं असं त्यांना सांगू नकोस. शुभ्राची परीक्षा आहे म्हण. शुभ्राची परीक्षा नाही.

*

रात्री मेल पाठवायचा राहिला. सकाळी अंधार होता तेव्हाच आईंचा फोन आला. हळू बोलत होत्या. म्हणाल्या, "मला यायचंय. पण मुग्धाला तसं कळू देऊ नकोस, पोरीनं फार केलं माझं. तूच भांडून बोलावलंस असं होऊ दे. भांडशील ना?"

मी म्हटलं, बघते.

सहीखालचे दोन्ही ता. क. खोडले. त्या जागी लिहिलं, 'आईंना ताबडतोब परत पाठव.' मेल पाठवला. मग गुणवंतला उठवलं आणि शुक्रवारचं तिकीट काढायला लावलं.