कॅन कोणत्या गावाला भरला

अण्णा, आज सकाळी एका सेल्समनने फोनवर मला विचारलं, "साहेब, तुमचा बोअर मिनिटाला किती लिटर पाणी देतो?" आपल्या मांजरसुंब्याच्या वॉशिंग सेंटरला जुनं मशीन आता पुरत नाही, ट्रक आंघोळीला येतो आणि तोंड धुऊन जातो, म्हणून नवीन घ्यायचं चाललंय. त्याच्याकडे दोन मशिनं आहेत. एक मिनिटाला एकवीस लिटर पाणी फेकतं, दुसरं तेरा. एकवीसवालं चाकांमागची काळी माती लोण्यासारखी काढतं, ट्रक निम्म्या वेळात मोकळा. मी म्हटलं, मग द्या की एकवीसचं. तर म्हणाला, "बोअर त्याच्यापेक्षा जास्त देत असेल तरच घ्या. मागून पाणी कमी पडलं की पंप जळतो. आकडा खरा सांगा बरं का. मला खोटं सांगून माझं काही जात नाही." दुष्काळी जिल्ह्यात पाण्याचा खरा आकडा मागणारा हा पहिलाच माणूस. आमचे पुढारीसुद्धा इतकी हिंमत करत नाहीत.

मग मी तुमचा चाळीस लिटरचा दुधाचा कॅन काढला. तुम्ही एसटीची कंडक्टरकी सोडून हे सेंटर टाकलंत, पण कंडक्टर काही तुम्हाला सोडून गेला नाही. बोअरच्या पाइपाखाली कॅन लावायचा आणि गावं म्हणायला लागायचं, एका श्वासाला एक थांबा, मधला एकही फाटा न गाळता. मांजरसुंबा, नेकनूर, करत करत केज, होळ, लोखंडी सावरगाव, अंबाजोगाई, शेवटी घाटनांदूर. कॅन केजला भरला तर पाणी मुबलक. अंबाजोगाईला भरला तर जपून धुवा. घाटनांदूर आलं तरी कॅन भरला नाही, तर धुणं बंद. राहिलेलं पाणी गावच्या दूध सोसायटीचं. कॅन धुवायला सोसायटीला आपल्याच बोअरची नळी गेलेली होती आणि चेअरमन तुम्हीच. मी म्हणायचो, "अण्णा, घड्याळ हाय की घरात." तुम्ही म्हणायचात, "घड्याळ बंद पडतं. घाटनांदूर कुठं जातंय?"

त्या दुष्काळात तुम्ही तापाने अंथरुणाला खिळलात आणि कॅन माझ्याकडे आला. मी बावीस वर्षांचा, मिशी फुटलेली, अक्कल फुटायची होती. चारा छावणीत चारा टाकून परत निघालेले ट्रक रांगेने उभे. त्यातला एक ड्रायव्हर माझ्यासमोर हात जोडून उभा राहतो, "शेठ, माझी गाडी तेवढी धुवून द्या, देवाला निघालोय." आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी शेठ म्हटलं होतं. आजवर मी पुष्कळांची टोपी उडवली, सरपंचापासून साखर कारखान्याच्या संचालकापर्यंत कोणाला सोडलं नाही. पण इतक्या स्वस्तात विकला गेलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

घरी आलो की तुम्ही गोधडीतून विचारायचात, "कुठं भरला रे?" मी सांगायचो, "अंबाजोगाईला." तुम्ही म्हणायचात, "मग धुवा, पण जपून." असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी पाइपातून नुसती हवा आली.

सोसायटीचे कॅन धुवायला पाणी उरलं नाही, दूध नासलं, दूध संघाच्या टँकरने आपल्या गावाचं दूध घेणंच थांबवलं. ज्यांच्या घरी दोनच म्हशी होत्या त्या बायका भरलेल्या चरव्या घेऊन परत गेल्या. सभेत एकजण उभा राहिला, "चेअरमनसाहेब, गाड्या लई चकाचक झाल्या. आमचं दूध तेवढं नासलं." सगळे हसले. सहकारात हसायला सगळे एकत्र असतात. मी दाराजवळ उभा होतो. तुम्ही ताप उतरलेल्या, ओढलेल्या चेहऱ्याने उठलात. मला वाटलं, आता तुम्ही पोराकडे बोट दाखवणार. तुम्ही म्हणालात, "मोजायची रीत माझी हाय. म्हातारा झालो, श्वास संथ झालाय, गावं उशिरा येत असतील. चूक माझीच हाय." आणि चेअरमनकी सोडून घरी आलात. मोजलं मी होतं, श्वास माझा होता, हे सभेत कोणाला ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं.

त्यानंतर तुम्ही कधीच गावं म्हटली नाहीत. पुढे पाणी आलं, सेंटर पुन्हा चालू झालं, तेव्हा तुम्ही बाजारातून एक घड्याळ आणलंत आणि माझ्या हातात ठेवलंत. मी ते मनगटावर बांधलं. चांगलं दिसतंय, असं तेव्हा शेजारीपाजारी म्हणाले.

आज सकाळी घड्याळ असूनही गावं म्हटली. सेंटरवर कोणी नव्हतं. बायको लेकाकडे पुण्याला असते, तिथे नळाला पाणी येतं. मोठ्याने म्हणायला सुरुवात केली, तर पहिल्या दोन गावांना माझाच आवाज मला अनोळखी वाटला. दिवसभरात बोलणं असं फारसं होतच नाही. घाटनांदूर आलं तेव्हा कॅन अर्धाच होता. बस उलटी फिरवली. अंबाजोगाई, लोखंडी सावरगाव, होळ, केज, नेकनूर. मांजरसुंब्याला परत पोचलो तेव्हा कॅन काठोकाठ भरला. घड्याळात दोन मिनिटं चाळीस सेकंद, म्हणजे मिनिटाला पंधरा लिटर. तुमच्या हिशेबाने धुणं कधीच बंद व्हायला हवं होतं. टाकी भरून ठेवायची, दिवसाला चारच ट्रक घ्यायचे, आणि सोसायटीची नळी आधी सोडायची असं ठरवलंय.

सेल्समनला फोन लावून सांगितलं, बोअर पंधराचा आहे, तेराचं मशीन द्या. "खरं बोललात, साहेब," तो म्हणाला.

त्या आठ दिवसांत कॅन एकदाही अंबाजोगाईला भरला नव्हता, अण्णा. घाटनांदूर ओलांडूनसुद्धा भरला नव्हता. तुमचा श्वास संथ झाला नव्हता. सेल्समनची ना ओळख ना पाळख, त्याला आकडा एका दमात सांगितला. तुम्ही त्या सभेनंतर अकरा वर्षं जगलात, रोज संध्याकाळी शेजारच्या खाटेवर.