फूस कोणी लावली?

४ मार्च

संस्थेच्या सचिवांचा सकाळी फोन आला. "बाई, रोज काय घडतं ते लिहून ठेवत जा. पुढे उपयोगी पडेल." तशी एक नोंद मी कार्यालयात सुरू केली आहे. तिच्यात वेळ, घटना आणि सही. मला काय वाटतं ते तिच्यात लिहिता येत नाही, आणि कुठेतरी लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही. म्हणून हे.

कालचं आधी सरळ लिहिते. या नर्सिंग कॉलेजच्या वसतिगृहाची मी रेक्टर. तिसऱ्या मजल्यावर महिनोन्‌महिने धड पाणी चढत नाही, आणि चढतं ते गढूळ; टाकी कधी उपसलेलीच नाही. काल संस्थेची मंडळी पाहणीला आली. मी फाटकात त्यांना घ्यायला गेले, तेवढ्यात मागे मुलींनी मुख्य दार आतून लावून घेतलं. जेवणघरातली बाकं दाराला रचली आणि बादल्या बडवत गाणं सुरू. गाणं 'भोंगा' नावाच्या कुणा रॅपरचं. त्याच्या व्हिडिओत अगदी असंच आहे म्हणे — दार, बाकं, बादल्या.

फरक एवढाच की व्हिडिओतलं दार बाहेर उघडतं आणि आमचं आत. व्हिडिओतली बाकं प्लायवुडची, आमची सागवानी.

आणि नेमकी त्याच वेळी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आत चक्कर येऊन पडली. कावीळ. डोळे आधीच पिवळे झाले होते, कुणाला सांगितलं नव्हतं. आत रडारड, बाहेर मंडळी घड्याळ बघत उभी. मी मागच्या खिडकीतून आत चढले. या वयात! साडी फाटली ती वेगळीच. ओरडून मुलींना रांगेत उभं केलं, एकेक बाक हलवलं, तेव्हा कुठे स्ट्रेचर बाहेर गेलं.

मुलगी दवाखान्यात आहे. बरी होईल म्हणतात.

५ मार्च

सगळ्या मुलींना जेवणघरात बसवलं. "ही कल्पना कोणाची?" सगळ्या जमिनीकडे बघत बसल्या. जणू फरशीवर उत्तर छापलंय.

मग चिमणी उठली. शेवटच्या वर्षाची, चणीने एवढीशी, आवाज मात्र जिना उतरून खाली येईल असा. "माझी, मॅडम."

"तुझी की त्या भोंग्याची?"

"गाणं त्याचं. दार लावायचं माझं."

"आणि ती आत पडली तेव्हा?"

तेव्हा ती रडली. रडत रडतही उभी राहिली, बसली नाही.

गाणं मी संध्याकाळी ऐकलं. दोन शिव्या आहेत, त्यातली एक अनावश्यक. 'नळाला विचारलं, नळ नुसता खोकला, साहेबांच्या बागेत फवारा नाचला.' खोकला, नाचला — यमक कच्चं. पण तिसऱ्या मजल्यावरचा नळ खरोखर खोकतो. मी इतकी वर्षं ऐकते आहे, मला त्यासाठी शब्द सुचला नव्हता.

६ मार्च

पाण्याचा टँकर आला. मागच्या तीन बैठकांत मी मागितला, तेव्हा आला नव्हता.

८ मार्च

दवाखान्यात जाऊन आले. मुलीचा रंग उतरतोय. वडील उशाशी बसून होते, माझ्याशी बोलले नाहीत. बोलावं असं काही मीही केलेलं नाही. पोरीच्या कानात तारा. काढायला लावल्या तर त्यात तोच भोंगा ठणाणा करत होता! ज्याच्यापायी दाराआड अडकली, त्याचंच ऐकतेय. "मॅडम, दार काही मला कोंडायला लावलं नव्हतं," म्हणाली. म्हणजे आता तीच मला समजावणार!

९ मार्च

रविवार नसताना भावाचा फोन. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"ताई, तू आणि रॅप? वहिनीला सांगितलं तर ती थांबायलाच तयार नाही, नुसती हसतेय!" (वहिनी म्हणजे त्याचीच बायको. आमच्या घरी सगळे तिला वहिनीच म्हणतात, तोसुद्धा.)

मी त्याला स्पष्ट सांगितलं. गाणाऱ्याने गावं. राजकारणावर बोलायचं तर आधी वाचावं, चार लोकांना भेटावं, कायदा काय म्हणतो ते बघावं. गळ्यात साखळी घालून कॅमेऱ्यापुढे हात नाचवले की झाला पुढारी? आणि पोरी त्यालाच देव मानतात!

"आपल्या कॉलेजात तो कवी आला होता, आठवतो? तू सही घ्यायला पार फाटकापर्यंत धावली होतीस."

"तो कवी होता."

"तोही सरकारला शिव्याच घालत होता, ताई. फक्त वृत्तात."

फोन ठेवला. याला लहानपणापासून वाद घालताच येत नाही, आणि तरी शेवटचं वाक्य नेहमी त्याचंच.

१० मार्च

सचिव स्वतः आले. चहा घेतला, पंखा वाढवायला सांगितला आणि मुद्द्यावर आले.

"बाई, मुली आपल्याच आहेत. त्यांचं नुकसान कशाला? तुम्ही एक निवेदन द्या. बाहेरच्या माणसाने फूस लावली, मुली बहकल्या. म्हणजे मुलींवर काही नाही. त्या गाणाऱ्याचं काय ते पोलीस बघतील."

"आणि टाकी?"

"टाकीचं या निवेदनात कशाला?"

"मी नाही दिलं तर?"

"तर मग ती जी पुढारीण आहे तुमची, तिच्यावर कारवाई करावी लागेल. तिचं हॉल तिकीट सध्या तुमच्याकडेच राहू द्या."

वसतिगृहातल्या मुलींची हॉल तिकिटं माझ्याकडे येतात. माझी सही आणि शिक्का पडल्याशिवाय परीक्षेच्या खोलीत घेत नाहीत. परीक्षा वीस तारखेला. या वेळी बसली नाही तर चिमणीचं वर्ष गेलं. वर्ष गेलं की फी माफीही जाते, आणि मग तिला घरी बसवतील.

जाता जाता म्हणाले, "तुमचं मतही तेच आहे असं ऐकलं मी."

मत तेच आहे! तेच तर खुपतंय.

११ मार्च

निवेदन लिहायला बसले. पहिलं वाक्य झरझर उतरलं — तरुण मुलांना भडकवणारी गाणी करणाऱ्यांनी परिणामांची जबाबदारी घेतली पाहिजे. एकही शब्द खोटा नाही. दुसऱ्या वाक्यात 'फूस' आलं आणि हात थांबला.

का थांबला ते कळलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन डाळ निवडली.

१३ मार्च

चिमणीची आई आली. शिवणकाम करते, बोटांना सुयांचे घट्टे. माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर टेकली.

"बाई, लिहून टाका ना त्याचं नाव. त्याला काय फरक पडतोय? माझी पोर गरीब गाय आहे हो. कोणी काही सांगितलं की जाते त्याच्या मागे."

दारात उभी होती ती गाय. "आई, मी गाय नाही."

"तू गप बस! तुझ्यामुळे मला इथे हात जोडावे लागतायत."

"मग नको जोडूस." आणि माझ्याकडे वळून, "मॅडम, मला शिक्षा करा. दार लावायचं नव्हतं, ते माझं चुकलं. आत कोण आजारी आहे हे बघायला हवं होतं, नर्स व्हायचंय मला. पण फूस लावली असं लिहू नका. पाणी घाण आहे हे मला भोंग्याने नाही सांगितलं. मी रोज त्याने आंघोळ करते."

आईने तिच्या पाठीत धपाटा घातला. मग तिथेच पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

मी दोघींना चहा पाजून पाठवलं. काही कबूल केलं नाही.

१५ मार्च

भोंगा आला!

रखवालदाराने बाहेरच धरून ठेवला होता. बारीक, पाठीला पोक, टोपी हातात. गळ्यात साखळी होतीच. मी तिच्याकडे बघितलं तर म्हणाला, "खोटी आहे, काकू."

"मॅडम म्हण."

"मॅडम."

बसवलं. सरळ विचारलं, "तुझं गाणं बघून मुलींनी दार लावलं. एक आत अडकली. जिवावर बेतलं असतं. काय म्हणणं आहे?"

"मी त्यांना असं करा म्हणून नव्हतं सांगितलं. मी फक्त गाणं केलं."

"वा! टाळ्या पडल्या की गाणं तुझं, आणि दार अडकलं की त्यांचं?"

यावर तो हातातली टोपी फिरवत राहिला. उगाच काहीतरी बोलला नाही, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

"पोरी तुला आदर्श मानतात, ठाऊक आहे?"

"मी कसला आदर्श? बारावीला दोनदा आपटलोय."

"मग त्यांना सांग तसं."

"सांगतो ना. ऐकत नाहीत. माझं फक्त गाणंच ऐकतात."

हसू आलं, दाबलं. मग विचारलं, निवडणुकीत कोणासाठी गायला होतास? चुळबुळ केली, पण सांगितलं. मागच्या वेळी एका उमेदवारासाठी. "घराचं भाडं थकलं होतं. तेच गाणं, फक्त साहेबाचं नाव बदलायला लावलं." म्हणजे फवारा दुसऱ्याच्या बागेत!

प्रामाणिक आहे. पण प्रामाणिक माणूस पुढारी म्हणून चालेलच असं नाही.

उठताना म्हणाला, "माझं नाव लिहा तुम्ही. मुलगी सुटेल. मला त्रास नाही. केस झाली तर माझं गाणं आणखी लोक ऐकतील."

भलेपणानेच म्हणाला. आणि मला एकदम दिसलं. सचिवांना जे वाक्य हवंय तेच यालाही चालतंय. एकाची टाकी झाकली जाते, दुसऱ्याचं नाव होतं. फक्त त्या वाक्यात चिमणी कुठेच नाही. ती नुसती बहकलेली.

मी म्हटलं, "दवाखान्यात भेटीची वेळ चार ते सहा. जायचं तर कॅमेरा न घेता जा."

१६ मार्च

गेला होता. मुलीच्या वडिलांनी त्याला सगळ्या वॉर्डासमोर फैलावर घेतलं. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि संत्री ठेवून निघून आला. सिस्टर सांगत होती.

त्याचा व्हिडिओ येतो का ते बघते आहे. अजून आला नाही.

१७ मार्च

निवेदन लिहिलं. एका बैठकीत.

दार लावणं चूक होतं. ज्या मुलींनी बाकं रचली, त्यांनी महिनाभर आजारी मुलींची सेवा आणि जेवणघराची सफाई करावी अशी शिफारस. पाण्याची मागणी बरोबर होती. ती मी स्वतः तीन बैठकांत तोंडी मांडली होती आणि ती लिहून घेतली गेली नाही. टाकी उपसून पाणी तपासून घ्यावं. मुलींना कोणी फूस लावलेली नाही. गाणं त्यांनी ऐकलं होतं, निर्णय त्यांचा होता.

चिमणीला वाचून दाखवलं. "सफाई महिनाभर?" म्हणाली. परीक्षेनंतर, म्हटलं. तोंड वाकडं केलं, पण मान हलवली.

रॅपरने राजकारणावर बोलावं का? बोलू दे. चुकला तर कान धरू. पण माझं मत एवढं बदललेलं नाही की मी त्याला पोरींच्या भिंतीवर टांगेन. पोरींनी कोणालाच टांगू नये. मलासुद्धा!

१८ मार्च

सचिवांनी निवेदन वाचलं. परत घडी घातली, माझ्यापुढे सरकवलं.

"बाई, उद्या दुपारपर्यंत हे बदलून द्या. नाहीतर चार्ज सहायक बाईंकडे द्यावा लागेल. आणि चार्ज म्हणजे तुमची मागची राहायची खोलीही आलीच."

"सामान फार नाही माझं."

"या वयात कुठे जाणार?"

"भावाकडे. वाद घालायला."

ते हसले नाहीत. हॉल तिकिटाबद्दल पुन्हा काही बोलले नाहीत. ते माझ्या खणात पडून राहील, असंच धरून चालले असावेत.

१९ मार्च

सकाळी — हॉल तिकीट, सही आणि शिक्क्यासह, चिमणीच्या हातात. तिच्याकडून पोच घेतली.

दुपारी — किल्ल्यांचा जुडगा, हजेरीपट, प्रथमोपचाराची पेटी आणि रेक्टरचा रबरी शिक्का, सहायक बाईंच्या हातात. सचिवांसमोर. त्यांच्याकडूनही पोच घेतली.