कोयता क्रमांक दोन

३ फेब्रुवारी, सकाळी ७.४०
तिसऱ्या घावालाही बाटली नुसती आडवी झाली आणि घरंगळत पायरीखाली गेली. पाण्याने भरलेली, झाकण घट्ट. व्हिडिओतला माणूस अशा पाच बाटल्या एका फटक्यात कापतो. हल्ली प्लॅस्टिक फार चिवट करतात.

कोयता क्रमांक एक: पातं अठरा इंच, पाठीला करवत, मुठीत होकायंत्र. होकायंत्र उत्तम. कोयता कसाही फिरवा, काटा बरोबर पात्याकडे येतो.

संध्याकाळी ६
उद्देश नोंदवून ठेवतो. घरामागच्या आमच्या जागेत पंधरा वर्षांचं काटेरी रान माजलं आहे. हद्दीचा दगड त्यात कुठेतरी आहे. १७ तारखेला मोजणीदार येणार. दगड दिसला नाही तर तो परत जाणार. पुन्हा नंबर लागायला वर्ष. मोजणी झाली की मागे हिची शिवणाची खोली. आज मशीन आमच्या पलंगाच्या पायथ्याशी आहे. मी पाय मुडपून झोपतो. कूस बदलली की टाचणी लागते.

ही म्हणाली, दोन मजूर सांगू या. मी म्हणालो, मी असताना? ती म्हणाली, तुम्ही आहात म्हणूनच सांगतेय.

मजूर येणार नाही. रान मी कापणार.

५ फेब्रुवारी
ऑफिसात आवक-जावक कमी होती. क्रमांक एकचा चाचणी अहवाल लिहिला. चार परिच्छेद. खाली शिक्का मारला. हेडक्लार्क म्हणाले, रान किती कापलंत? म्हणालो, चाचणी चालू आहे. ते हसले. ज्यांना पेन्सिलीला टोक काढायलाही शिपाई लागतो, त्यांनी हसू नये.

६ फेब्रुवारी
हार्डवेअरच्या दुकानातून क्रमांक दोन. काळं पातं, टोकाला बाक, लाकडी मूठ. दुकानदार म्हणाला, साहेब, नव्या पात्याला धार नसते, लावून घ्या. म्हणजे बिनधारेचा कोयता गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा आणि वर त्यालाच कामाला लावायचं. मी नुसतं रोखून पाहिलं. त्याने विचारलं, पिशवी देऊ का?

८ फेब्रुवारी, रविवार
चाचणी: भोपळा. क्रमांक दोन अर्धा आत गेला आणि तिथेच राहिला. ओढला, आपटला, पाय देऊन पाहिला. शेवटी कोयत्यासकट भोपळा स्वयंपाकघरात नेला. ही म्हणाली, अहो, भाजीचा होता तो! तिने एका हिसक्यात कोयता काढला. मी सैल करून ठेवलाच होता.

मेहुणा जेवायला होता. म्हणाला, भावोजी, नाचता येईना... आणि थांबला. हिच्या भावाला एक म्हण धड पुरी येत नाही.

१० फेब्रुवारी
क्रमांक तीन पार्सलने आला. खोक्याची चिकटपट्टी क्रमांक एकने तुटेना. क्रमांक दोननेही नाही. हिच्या कात्रीने तुटली. कात्री लहान असते, तिला सोपं जातं.

११ फेब्रुवारी
क्रमांक तीनची मूठ पहिल्याच घावाला निघाली. पातं कुंपणापलीकडे. शेजारच्या निवृत्त कंपाउंडरांनी ते आणून दिलं. म्हणाले, माणसं होती हो इकडे. मी म्हणालो, चाचणी आहे. ते म्हणाले, आमच्यावर?

नंतर पुठ्ठ्याची चाचणी घेत असताना ही मागच्या पाण्याच्या टाकीच्या उजव्या बाजूबद्दल काहीतरी सांगून गेली. मला हातातल्या कामात मध्येच बोललेलं चालत नाही.

सहा दिवस राहिले. भरपूर आहेत.

१३ फेब्रुवारी
क्रमांक दोन दिवसभर सापडला नाही. ही कात्र्या धारवाल्याकडे देऊन-घेऊन आली. पिशवी बरीच जड दिसली. संध्याकाळी क्रमांक दोन दाराआड जागेवर. मीच नीट पाहिलं नसेल.

१४ फेब्रुवारी, सकाळी ७
विजय! क्रमांक दोनने मनगटाएवढी फांदी एका घावात. दुसरी, तिसरी तशीच. निष्कर्ष: पोलाद आठवडाभर घरात मुरावं लागतं. दुकानदाराला हे ठाऊक नाही. अहवालात घालणार.

कामाची आखणी केली. नकाशात आमची जागा टाकीच्या पूर्वेला आहे. क्रमांक एकच्या होकायंत्रावर पूर्व काढली. टाकीची डावी बाजू. लगेच सुरुवात.

हिच्या हातात शाळेचे चाळीस गणवेश आहेत, मान वर करायला फुरसत नाही. तिला सांगितलं, काम पुरं होईपर्यंत मागे कुणी डोकावायचं नाही. ती म्हणाली, उजवीकडनं करताय ना? मी म्हणालो, नकाशाप्रमाणे करतोय.

१५ फेब्रुवारी, रविवार
निम्मं रान आडवं. तळहाताला सात फोड. कंपाउंडर त्यांच्या मागच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, अहो, तुमच्यासारखा शेजारी मिळायला भाग्य लागतं. चहा पाठवला. मग म्हणाले, तिकडे कोपऱ्यात अजून थोडं दाट आहे बरं का. खोचक माणूस. चुका काढायला टपलेला. कोपराही लख्ख केला. बसा आता बघत.

१६ फेब्रुवारी
रजा टाकली. दुपारी रान संपलं. दगड दिसला नाही. तो मोजणीदाराने शोधायचा, त्याचा पगार त्याला त्यासाठीच मिळतो. मेहुण्याला निरोप धाडला, उद्या अकराला ये, अंगण बघायला.

१७ फेब्रुवारी, दुपारी १
अकराला मोजणीदार आला, मेहुणाही. मी मागचं दार उघडलं. ही बाहेर आली, टाकीच्या डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे.

मोजणीदार म्हणाला, काम सुरेख झालंय. कंपाउंडर म्हणाले, झालंय ना? आमची जागा आहे. त्यांचाही अर्ज होता म्हणे. त्यांची मोजणी अर्ध्या तासात आटोपली.

आमचं रान उजवीकडे जसंच्या तसं उभं आहे. मी होकायंत्र दाखवलं. मोजणीदाराने ते मुठीतून काढून पात्याला लावलं, दूर धरलं, पुन्हा लावलं. म्हणाला, साहेब, काटा लोखंडाकडे जातो.

उद्या दहापर्यंत तो याच भागात आहे. तोवर दगड दिसला तर ठीक. नाहीतर पुढच्या वर्षी.

संध्याकाळी ५
माझ्या हातांना पट्ट्या आहेत. मूठ वळत नाही. तरी सांगितलं, दहापर्यंत करून दाखवतो. ही म्हणाली, तुम्ही बसा. मग म्हणाली, चौदा वर्षं पायात मशीन घेऊन झोपलात, कधी कुरकुर केली नाहीत. म्हणून तर कोयता धारेला नेला मी.

पोलादाबद्दलचा परिच्छेद तूर्त कच्चाच ठेवला आहे. खोडलेला नाही.

१८ फेब्रुवारी, सकाळी
साडेपाचला ही क्रमांक दोन घेऊन मागे गेली. सहाला मेहुणा स्वतःचा कोयता घेऊन आला. सव्वानऊला दगड सापडला. पावणेदहाला मोजणीदार आला. त्याने फितीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, हलू नका. मी हललो नाही.