त्या दिवशी समुद्र शांत होता

प्रिय काउरे,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडताच चुलीत सारलं असतंस, म्हणून वरचं नाव शाळेतल्या बाईंकडून घालून घेतलं. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. लहानपणी सुट्टीत इकडे कुरिया बेटावर आलास की माझी गोष्ट अर्धी टाकून पाण्याकडे पळायचास, तसं करू नकोस. एवढं लिहायला बसेपर्यंत मला किती दिवस लागले ते माझं मला ठाऊक.

आधी इकडची खबर सांगते. टाक्या पावसाच्या पाण्याने भरल्यात. नीरफणसाला यंदा इतकी फळं धरलीत की झाडाखालून जाताना डोकं सांभाळावं लागतं. तुमच्या खड्ड्यातल्या अळवाला मी पाला घालते आहे. तू सांगितलं नाहीस, तरी घालते. तुझी डुकरीण व्याली. पिल्लं गुटगुटीत आहेत आणि त्यातलं एक अगदी तुझ्यासारखं, सगळ्यांना ढकलून आधी स्वतः पितं. माझा लेक इओआने सध्या जहाजावरून कुठल्याशा थंड बंदराला लागलाय, नाक गळतंय म्हणून कळवतो. त्याचं लेकरू आता भिंतीला धरून चालायला लागलं. सभाघरात आपल्या घराण्याच्या खांबाजवळ मी बसते आणि शेजारी तुझी चटई अंथरून ठेवते. आत्याच्या मातीला म्हणून तू शेजारच्या आरानुका बेटावर गेलास तो तिकडचाच झालास, मागाहून बायकापोरांनाही बोलावून घेतलंस. चटईवर कुणी बसत नाही, आणि ती कुणासाठी अंथरली असं विचारतही नाही.

काउरे, माझ्याकडे आता कुणी काही मागत नाही. तुला हसू येईल. मागणाऱ्यांच्या नावाने दिवसभर बोटं मोडणारी ही ब्वेनाता! आठवतं ना, रुऊता काकूने चर्चच्या दारात माझ्या अंगावरच्या झग्याची तारीफ केली, ‘मला शोभेल गं हा,’ म्हणाली, आणि त्याच संध्याकाळी मी तो धुऊन तिच्याकडे पोचता केला. मेरेआनाने शिवणयंत्र नेलं ते अजून तिच्याच घरी खडखडतंय. आपल्या बाबांनी तर कमालच केली होती. चुलत्याने रस्त्यात सायकल मागितली, तर बाबा तिथल्या तिथे उतरले आणि भर उन्हात चालत घरी आले. आई भडकली. तर म्हणाले, ‘अगं, नात्यातल्याने बुबुसी केली. मागितलं की द्यायचं. नाही म्हणून लोकांत तोंड कसं दाखवू?’ हे आपलं बाळकडू. मीही देत आले, फक्त कुरकुरत दिलं. आता माझी रॉकेलची बाटली भरलेली ती भरलेलीच असते. मिठाचा डबा काठोकाठ. खोबरं खवायची खवणी दाराशी लोळत पडलेली. शेजारीण काड्यापेटीसाठी माझ्या घरावरून पुढे जाते आणि पार टोकाच्या घरातून मागून आणते. कुणी भांडत नाही. सगळे गोड बोलतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

हवामानाची खबर मात्र अजून मीच घेते. रोज सकाळी बेटाच्या कचेरीत रेडिओफोनला कान लावायचा, वारा कुठला, लाट केवढी, लहान होड्यांनी निघावं की नाही ते ऐकायचं, आणि सभाघरात उभं राहून खड्या आवाजात सांगायचं. पूर्वी माणसं हातातलं काम थांबवून ऐकत. परवा मी म्हटलं, ‘वारा जोराचा, खडकाबाहेर जाऊ नये,’ तर नाकिबाए म्हातारा जाळं विणता विणता म्हणाला, ‘हे वारा म्हणतोय की तू म्हणतेस, पोरी?’ सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन चटईत तोंड खुपसून रडले.

त्या दिवशी तू आलास तेव्हा मी नुकतीच सभाघरातून परतले होते. आरोइता आत्याचा श्वास अडतोय असा निरोप तिकडून आला होता. आईने तुला जन्मल्या जन्मल्या आत्याच्या ओटीत घातलं, तिने तुला लहानाचं मोठं केलं, ‘आई’ म्हणून तू हाक मारलीस ती तिलाच. तू दाराशी उभा राहिलास. मान खाली, मागायची रीत असते तसा. म्हणालास, ‘ताई, इओआनेची होडी दे. आईकडे जाऊन येतो.’ आणि मी म्हटलं, ‘पश्चिमेच्या वाऱ्याची सूचना आहे. लाटा माणसाच्या डोक्यावरून जातील. लहान होड्यांनी निघू नये असं आत्ताच गावाला सांगून आले, आणि घरच्याच माणसाला होडी देऊ? नाही मिळायची.’ तू वळून पाण्याकडे बघितलंस. पाणी अंथरलेल्या चटईसारखं सपाट होतं. ‘ताई, ते एकदा बघ तरी.’ मी बघितलं नाही. उद्या बघू म्हणाले आणि भांडी घासायला बसले.

वारा आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अंदाज आहे, कधी चुकतो. ढग वरच्या वर उत्तरेला निघून गेले, एवढंच झालं. पण मी त्या दिवशी काय केलं ते तुला माहीत नाही. तू गेल्यावर मी किनाऱ्याला गेले. माडांचे शेंडे हलतात का बघत उभी राहिले. हलत नव्हते. मग मी देवाला विनवू लागले, वारा येऊ दे, एवढा तरी येऊ दे. तिकडे आत्या एकेका श्वासासाठी झगडत होती आणि इकडे मी वादळ मागत होते, माझं खरं व्हावं म्हणून. हे लिहिताना आत्ताही माझे कान तापलेत.

त्याच दिवशी दुपार कलली तेव्हा रेडिओफोनवर आरानुकाहून निरोप आला. आत्या गेल्याचं मीच पहिलं ऐकलं. तुझ्या घरी आले तेव्हा तू खोबरं वाळत घालत होतास. माझं तोंड बघूनच तुला कळलं. तू रडला नाहीस, फक्त हातातलं खोबरं नीट पालथं घातलंस. मी तशीच माघारी पळाले, इंजिन खांद्यावर घेऊन आले. म्हटलं, ‘घे, जा. आत्ता जा.’ तू म्हणालास, ‘राहू दे, ब्वेनाता.’ जन्मात पहिल्यांदा तू मला नावाने हाक मारलीस. नाकिबाएच्या शिडाच्या होडीतून, वारा नव्हता म्हणून वल्ही मारत तू गेलास. सूचना अजून उठली नव्हती, आणि मी चकार शब्द काढला नाही.

पाद्रीबुवा माझी समजूत घालतात. म्हणतात, ‘बाई, तू नेमाने वागलीस. वारा आला असता आणि पोरगा बुडाला असता, मग?’ गावातले चार जण तोंडदेखलं तेच म्हणतात आणि मी मान डोलावते. पण तुला आणि मला खरं काय ते माहीत आहे. त्याच्या थोडंच आधी इओआनेच्या लेकराचं पहिलं वर्ष पुरं झालं. जेवणावळीला कुपा मासा हवा होता. त्या सकाळीही हीच सूचना होती, शब्दन् शब्द हीच. मीच ती सभाघरात सांगितली, आणि घरी येऊन तुला हळूच म्हटलं, ‘अरे, आभाळ तर मोकळं आहे. होडी घे नि लवकर ये.’ तू गेलास. भरपूर कुपा आणलास. परतताना खडकाला घासून इंजिनाचा पंखा वाकला, आणि मी भर पाहुण्यांत तुझ्यावर तोंड टाकलं. इओआने परदेशात मरमर मरतो आणि मामा इथे त्याची चीज मोडतो, असं म्हणाले. तू जेवण टाकून पंखा ठोकत बसलास. तर आत्या आजारी पडली त्या दिवशी तुला दारात बघितलं, तेव्हा माझ्या मनात वारा नव्हता आणि लाटही नव्हती. पुन्हा हा होडी मागायला आला, एवढंच मनात आलं. सूचना आयतीच हाताशी होती, ती पुढे केली. तू हे कुणालाही सांगितलं नाहीस. सभाघरात एक शब्द बोलला असतास तर मला तिथे बसता आलं नसतं. तू मला इतकं सांभाळलंस, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

होडी इंजिनासकट तुझ्याकडे पाठवून द्यावी असं फार वाटलं. इओआनेला विचारलं, तो एका पायावर तयार झाला. पण न मागता दिलं की ते दान होतं. तू परक्यासारखे आभार मानशील आणि आपलं नातं तिथेच मिटेल. मला ते नको आहे. हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं. मी थोरली, आजवर तुला नुसते हुकूम सोडले, तुझ्याकडे कधी मागितलं म्हणून नाही. आज मागते. काउरे, मी तुझ्याकडे बुबुसी करते आहे. इकडे ये आणि सगळ्यांच्या देखत माझ्याकडे काहीतरी माग. होडी माग, नाहीतर चिमूटभर मीठ माग. तुला कशाचीच गरज नसेल, तरी माग. बहिणीने मागितलेलं नाकारता येत नाही हे मला कळतं, आणि तसं तुला बांधून घालणं बरं नव्हे हेही कळतं. मी तुला नाही म्हटलं, तसं तूही मला म्हणू शकतोस. म्हणालास तर ते मी कुणालाही कळू देणार नाही.

तुझ्या मागण्याची वाट बघणारी,
तुझीच,
ब्वेनाता