पोतं वेगळं, घागर वेगळी

नांदेड,
सोमवार, दि. ३ मार्च १९८६

चि. पंचशीलास केरबाचा जयभीम. वि. वि.

आज सात ते तीन कारखान्यात होतो. घागरीचा एक साचा बदलला. घरी आलो तोवर नळ येऊन गेला होता. नागुबाईला दोनच घागरी मिळाल्या. मग तुझे पत्र वाचले. मारोतीला जाऊन आज सात महिने झाले.

तू लिहिलेस की मारोतीच्या पाईपच्या पेटंटला मुंबईच्या एका कंपनीने हरकत घेतली आहे. जुन्या पोत्यांचे प्लॅस्टिक आणि जुन्या घागरींचे प्लॅस्टिक एकत्र वितळवायचे, त्यात थोडा रबरासारखा मऊ दाणा घालायचा, यात शोध कसला, हे धंद्यातल्या कोणालाही सहज सुचले असते, असे त्यांचे म्हणणे. सहज सुचण्याजोग्या गोष्टीला पेटंट मिळत नाही. हरकत टिकली तर माझ्या भावाने चार महिने खपून काढलेली रीत कोणाचीच राहणार नाही, एवढे मला समजले.

धंद्यातल्या जाणत्या माणसाचे प्रतिज्ञापत्र हवे असे वकील म्हणतात, आणि अठरा वर्षे या धंद्यात काढलेला फोरमन घरातच आहे असे तू म्हणतेस. पण मी त्याचा सख्खा भाऊ. माझ्या शब्दाला वजन येणार नाही. दुसरा कोणी पाहावा.

उन्हाचे दिवस आहेत. तारामतीला जपावे. तुझ्याविषयी आहे ती माया आहेच.

केरबा


लातूर,
११ मार्च १९८६

ती. दादांना पंचशीलाचा सविनय जयभीम. पत्रास कारण की, तुमचे पत्र पोचले. माझ्या नावाआधी तुम्ही पाकिटावर 'सौ.' लिहून खोडलेत. खोडण्याआधी किती वेळ पेन टेकवून बसला होतात ते शाईच्या डागावरून कळले. खोडले नसते तरी मला राग आला नसता.

कारखाना चालू आहे. मशीन बसवंत सांभाळतो आणि माझ्यावर रुसतोही, कारण मी दर तासाला पाईप वाकवून बघते. रेणापूरच्या बाजूला एका वस्तीत टँकरच्या टाकीपासून घरांपर्यंत यांनी टाकलेला पाईप दोन उन्हाळे उघड्यावर पडून आहे. मागच्या आठवड्यात बघून आले. तिथल्या धुरपताबाई म्हणाल्या की बाई, म्हशी तुडवून राहिल्या, पोरं त्याच्यावर उड्या मारून राहिली, पण नवरा ठेवून गेला तसाच हाय बघ तुझा पाईप.

आता मुख्य गोष्ट. दुसरा माणूस कशाला पाहायचा? यांच्या पेटीत तुमचे एक जुने पत्र मिळाले. नक्कल सोबत ठेवली आहे. वाचून आधी मला तुमचा राग आला, मग हसू आले, मग मी मुंबईला ट्रंक कॉल लावून ते वकिलांना वाचून दाखवले. ते म्हणाले, परत वाचा. दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांनी मला समजावले. आज पाईप समोर आहे, म्हणून सगळ्यांना तो सोपा वाटतो. निवाडा करणाऱ्याने मात्र अर्जाच्या आधीच्या दिवसात जाऊन उभे राहायचे असते. त्या दिवशी या धंद्यात मुरलेल्या माणसाला काय वाटले असते, हा प्रश्न. आणि इथे असा एक माणूस 'होणार नाही, करू नकोस' असे स्वतःच्या अक्षरात लिहून बसला आहे. भाऊ असला म्हणून काय, त्याने काही भावाच्या बाजूने लिहिलेले नाही.

अडचण एकच. तुम्ही तारीख घातलीत, साल घातले नाही. यांनी अर्ज केला फेब्रुवारी ८३ मध्ये, म्हणून पत्र त्याआधीचे आहे हे दाखवावे लागेल. टपालाचा शिक्का पुसला आहे. पण पत्त्यात 'लातूर, जि. उस्मानाबाद' आहे. लातूर वेगळा जिल्हा झाला ऑगस्ट ८२ मध्ये, म्हणजे पत्र त्याच्याही आधीचे. वकील एवढ्यावर खूश आहेत.

आणखी एक. यांच्या वहीत मऊ दाण्याचे नाव कुठेच नाही, त्या जागी सगळीकडे फक्त 'दादा' लिहिले आहे. दादा शेकडा तीन. दादा शेकडा पाच. कंपनी विचारते, हा पदार्थ कोणता? तो मऊ दाणाच, हे मला कागदावर दाखवता आले नाही. तुम्हाला काही माहीत आहे का?

पत्रात तुम्ही यांना बरेच बोलला आहात. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी ते दाखल करणार नाही. जाऊबाईंना नमस्कार. आम्हा मायलेकींवरचा लोभ पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
पंचशीला


(सोबतची नक्कल)

नांदेड,
१२ नोव्हेंबर

चि. मारोतीस जयभीम. वि. वि. तुझे मिसळीचे खूळ कळले. अरे, या धंद्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात : पोतं वेगळं, घागर वेगळी. दोन्ही एका भांड्यात वितळतात, पण एक होत नाहीत. थंड झाले की कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. म्हणून तर भंगारवाला मिसळलेला माल दारातून परत पाठवतो. वर तू मऊ दाणा घालणार म्हणतोस. त्याने पाईप चिखलासारखा बसेल. इतक्या वर्षांत हे जमवलेला माणूस मी पाहिला नाही आणि तू पहिला होशील असे वाटत नाही. बी. एस्सी. झाल्याने डोके येते असे नाही. मशीन बिघडवशील. पंचशीलाला विचारत जा, तिला तुझ्यापेक्षा अक्कल आहे. आता हे बंद कर.

तुझा,
दादा


नांदेड,
मंगळवार, दि. १८ मार्च १९८६

चि. पंचशीलास केरबाचा जयभीम. वि. वि.

नक्कल वाचली. पत्र माझेच आहे. दाखल कर. मी दुसरा माणूस पाहा म्हणालो ते याच पत्रामुळे. ते मला पाठ होते. तुला सापडणार नाही असे वाटले होते.

पण पत्त्याचा पुरावा देऊ नये. लातूर जिल्हा झाल्यावरही मी दोन वर्षे 'जि. उस्मानाबाद' लिहीत होतो. हाताला सवय होती. तारामती झाली तेव्हाचे माझे पत्र काढून बघ. ते ८४ सालचे, तरी त्यावर उस्मानाबादच असेल. कंपनीने विचारले तर मी शपथेवर खोटे सांगणार नाही.

म्हणून रविवारी मारोतीच्या पत्रांची पिशवी काढली. तो गेल्यापासून उघडली नव्हती. माझ्या त्या पत्राला त्याने दिलेले उत्तर मिळाले. त्याच्यावर साल आहे. ते रजिस्टरने पाठवत आहे. माझ्याजवळ नक्कल ठेवलेली नाही, काम झाल्यावर परत दे.

त्यात दादा कोण तेही आहे. तेव्हा मी ती चेष्टा समजलो होतो.

माझे प्रतिज्ञापत्र तयार करून पाठव, सही करतो. मुंबईला यावे लागले तर रजा शिल्लक आहे. तुझ्या पाठीशी आहेच.

केरबा


(मारोतीचे पत्र)

लातूर,
२० नोव्हेंबर १९८२

ती. दादा, मारोतीचा कडक जयभीम!

तुमचं बारा तारखेचं कांद्याचं पत्र आज मिळालं. आठ दिवस कुठं हिंडून आलं कोण जाणे. तीन महिने झाले आम्हाला जिल्हा होऊन. कलेक्टर आला, पाट्या रंगल्या, अन् तुम्ही अजून जि. उस्मानाबाद लिहून राहिलात! आमचे पोस्टमन शेषेराव म्हणून राहिले, तुमच्या भावाला कुणीतरी सांगा हो, लातूरवाल्यांचा अपमान होतो.

तुम्ही लिहिलं ते खोटं न्हाई. पापुद्रे सुटतात. चार महिने मी कांदेच काढले. पोतं अन् घागर एकमेकांत मिसळत न्हाईत हे मी मान्य करून टाकलं. मग आमची सोयरीक आठवली. माझे सासरे माहूरला, आपले बाबा इकडं, दोघांचं एका वाक्यावरून बिनसलेलं. तुम्ही काय केलं? दोघांना समोरासमोर बसवलं न्हाई. आधी एकटेच माहूरला गेलात, चार दिवस राहिलात, त्यांच्या घरचे झालात, अन् मग त्यांना घेऊन आपल्या दारात आलात.

मीही तेच केलं. तिन्ही एकदम टाकायचं सोडलं. मऊ दाणा आधी एकट्या पोत्यासंगं वितळवला, तो त्यात पुरता मुरला, अन् मग घागर सोडली. धरलं की हो! शेकडा पाच पुरतो. म्हणून वहीत त्या दाण्याचं नाव 'दादा' ठेवलंय. दादा जास्त झाला की पाईप लई ढिला पडतो, तेवढं मात्र तुमचं बरोबर.

पंचशीलाला विचारलं. ती म्हणते आधी दादांना सोलायला द्या. म्हणून पाईपचा वीतभर तुकडा पाठवतो. नखानं पापुद्रा काढून दाखवा, मी मशीन विकून टाकतो.

रागवा, पण लिहीत राहा.

तुमचा,
मारोती


लातूर,
५ डिसेंबर १९८६

ती. दादांना पंचशीलाचा सविनय जयभीम. पत्रास कारण की, निकाल आला. हरकत फेटाळली. यांच्या रीतीला पेटंट मिळणार आणि त्यावर शोधक म्हणून मारोती सोनकांबळे हे नाव छापले जाणार. बसवंतने मशीन बंद करून सगळ्यांना गूळ वाटला, आणि बंद मशीनमध्ये माल थिजला म्हणून मग दिवसभर स्वतःच रडत बसला.

वकिलांनी निकालातला भाग मला मराठीत सांगितला. मऊ दाणा लोकांना माहीत होता, पोते आणि घागरही माहीत होती. पण दाणा आधी कोणात मुरवायचा, हा क्रम कोणीच सांगितलेला नव्हता, आणि जाणता माणूस तर उलटेच सांगत होता. झाल्यावर सोपे दिसले म्हणजे आधी सुचण्याजोगे होते असे नाही, असे त्यात आहे. तारखेविषयी यांच्या उत्तरावर विश्वास ठेवला आहे, कारण तुमची तीच चूक त्यात नोंदली गेली आहे. कधी तरी जिल्हा चुकवणेही कामाला येते म्हणायचे.

सुनावणीतला तो क्षण माझ्यासमोरून जात नाही. कंपनीच्या वकिलांनी तुम्हाला विचारले की भावासाठी साक्ष द्यायला आलात ना. तुम्ही म्हणालात की साक्ष भावासाठी नाही, मी चुकलो होतो ते सांगायला आलो आहे.

निकालात तुमचा उल्लेख दोन ठिकाणी आहे. एकदा साक्षीदार म्हणून आणि एकदा पदार्थ म्हणून. यावर हसायला हे असायला हवे होते.

यांचे पत्र रजिस्टरने परत करते आहे, सांभाळून घ्यावे. एक विचारायचे राहिले. पत्रात पाईपचा तुकडा पाठवल्याचे आहे. त्याचा पापुद्रा सुटला होता का? तुम्ही कधी बोलला नाहीत.

जाऊबाईंसह लातूरला या, तारामती वाट बघते. आमच्यावर नजर असू द्या.

तुमची,
पंचशीला


नांदेड,
बुधवार, दि. १० डिसेंबर १९८६

चि. पंचशीलास केरबाचा जयभीम. वि. वि.

आज सात ते तीन कारखान्यात होतो. काम नेहमीचे. नागुबाई बहिणीकडे मुरुडला गेली आहे, घरी मी एकटा. तुझे पत्र आणि रजिस्टर दोन्ही मिळाली. निकाल वाचून बरे वाटले. तो बरोबर होता, हे आता लिहून आले.

तू तुकड्याचे विचारलेस. मी तो सोलून पाहिला नव्हता. तेव्हा मला पाहायची गरज वाटली नाही. सुटणार हे ठाऊक होते. पत्राबरोबर पिशवीत टाकला तो चार वर्षे तिथेच होता. मारोतीने पुढे दोनदा विचारले, तेव्हा मी पाहू पाहू म्हणालो.

आज काढला. उजेडाला खिडकीजवळ बसलो. आधी नखाने पाहिले. मग चाकूचे टोक कडेला लावून उचकटून पाहिले. कड थोडी कुरतडली. पापुद्रा निघाला नाही.

तारामतीला आशीर्वाद. पुढच्या महिन्यात येतो. तोवर तुमची खुशाली कळवत जा.

केरबा

ता. क. पाकीट समोर घेतले आहे. आता पत्ता लिहितो. जि. लातूर.